तारेवरचा तो काळपट ससाणा: अमूर की रेड-फुटेड?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दोन दिवस आभाळ भरून राहिल्यावर आणि अवकाळी सरी पडून गेल्यावर, बेळगावजवळच्या बाची-शिनोळी रस्त्यालगतच्या शिवारात विजेच्या तारेवर एक छोटा, काळपट राखाडी ससाणा बसलेला दिसला. पाय लालभडक. दुर्बिणीला मोबाईल लावून कसेबसे दोन फोटो मिळाले. फोनमधल्या ॲपनं नाव सांगितलं 'रेड-फुटेड फाल्कन', म्हणजे लाल पायांचा ससाणा. ग्रुपवर एकानं 'कर्नाटकातली पहिली नोंद, अभिनंदन' म्हटलं, तर दुसऱ्यानं 'अमूर आहे हो, त्यात काय एवढं' म्हणून विषय मिटवला. आता बरोबर कोण, आणि नोंद ठेवायची की पुसायची, हे तुम्हाला कळेना.

आधी उत्तर देऊन टाकतो. तो अमूर ससाण्याचा नर आहे. नोंद पुसू नका, फक्त नाव बदला. मात्र 'त्यात काय एवढं' हे मला मुळीच मान्य नाही.

तुमच्या ग्रुपवर दोन वेगळे प्रश्न एकात एक अडकले आहेत. पक्षी कुठला, हा एक. आणि तो आपल्या मुलखाबाहेर आला आहे का, हा दुसरा. एखादा पक्षी आपल्याकडे क्वचित दिसतो म्हणजे तो वाट चुकला, असं होत नाही. अमूर आपल्याकडे क्वचित दिसतो, पण त्याची वाट आपल्याच डोक्यावरून जाते. रेड-फुटेड आला तर तो खरोखरच भरकटलेला म्हणायचा. दोघे दिसायला सख्खे भाऊ वाटतात म्हणून हा घोळ होतो. पूर्वी तर शास्त्रज्ञही अमूरला रेड-फुटेडचीच पूर्वेकडची उपजात मानत होते. त्यामुळे जुन्या भारतीय नोंदींमध्ये लाल पायांच्या ससाण्याचा उल्लेख सापडला, तर तो बहुतेक वेळा अमूरचाच असतो. जुनी पुस्तकं चाळून 'आपल्याकडे रेड-फुटेड पूर्वीही दिसलाय' असं कुणी सांगू लागलं, तर हे ध्यानात ठेवा.

आता त्याची वाट. अमूर वीण करतो आग्नेय सैबेरिया, मंगोलिया, ईशान्य चीन या भागात, आणि थंडी काढतो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे. ऑक्टोबरात तो ईशान्य भारतात उतरतो. नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या काठी त्यांचे प्रचंड थवे जमतात. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून त्यांची मोठी कत्तल होत असल्याचं बाहेर आलं आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली. २०१३ च्या नोव्हेंबरात तिथल्या तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. त्यांना नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. त्यांची वाट तेव्हा नकाशावर रेघ होऊन दिसली: नागालँडहून भारतीय द्वीपकल्प तिरका कापायचा, पश्चिम किनारा सोडायचा आणि तीनेक हजार किलोमीटरचा अरबी समुद्र न थांबता ओलांडून थेट सोमालिया गाठायचा. नागालँड ते आफ्रिका हा सगळा पल्ला आठवडाभराच्या आत. वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपासचा पक्षी आहे हा!

ही वाट म्हणजे अरुंद पायवाट नाही. द्वीपकल्पावर पक्षी रुंद पसरून येतात. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक तिन्हीकडे ते दिसतात. लोणावळ्याच्या पठारावर तर नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांच्यासाठी कॅमेऱ्यांची रांग लागते. बेळगावात तशी रांग लागत नाही. त्याचं कारण पक्षी कमी येतात हे आहे की बघणारे कमी आहेत हे? माझा कौल दुसऱ्या कारणाला. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्राच्या तोंडाशी आहे. पक्ष्यानं इथून जाऊ नये असं काही नाही. पण हवा स्वच्छ आणि पूर्वेचा वारा पाठीशी असला की ते इतक्या उंचावरून निघून जातात की मान मोडेपर्यंत वर पाहिलं तरी ठिपकासुद्धा दिसत नाही.

म्हणून तुमच्या निरीक्षणातला मला सर्वात मोलाचा तपशील वाटला तो पावसाचा. अमूर खाली येतो त्याला कारण असतं. ढग खाली आले, समोरून वारा लागला, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की पुढचा समुद्र ओलांडणं जोखमीचं होतं आणि पक्षी किनाऱ्याअलीकडेच थांबतात. त्यातच सरी पडून गेल्यावर जमिनीतून पंखवाल्या वाळव्या उठतात, भात कापलेल्या रानावर चतुर घिरट्या घालू लागतात, आणि हे तर त्याचं आवडतं खाणं. पँटाला जातीचे चतुरही याच दिवसांत, याच वाऱ्यावर स्वार होऊन भारतातून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जातात, असा अंदाज २००९ मध्ये चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं मांडला. अमूर समुद्रावर काय खातो या कोड्याचं एक उत्तर त्यात असू शकतं. तुमच्या शिवारात त्या दिवशी बांधावर चतुर होते का, तेवढं आठवून नोंदीत लिहा. तारेवरून पक्षी मधूनच झेपावून हवेत काहीतरी धरत होता आणि उडता उडताच पायातलं चोचीत घेत होता, असं तुम्ही म्हणता. तो बहुधा चतुरच.

आता ओळख. ॲप फसलं ते कुठे हे बघू, कारण तिथेच माणूसही फसतो.

लाल पाय ही दोघांचीही खूण आहे. अमूर नराचे पाय, डोळ्याभोवतीचं कडं, चोचीच्या मुळाशी असलेली कातडी, सगळं शेंदरी-लाल. रेड-फुटेड नराचंही तेच. अंगाचा राखाडी रंग दोघांचा. शेपटीखालचा आणि मांड्यांचा विटकरी रंगही दोघांचा. अमूरचं पोट जरा फिकं आणि पाठ जास्त गडद असते हे खरं, पण ते चांगल्या उजेडात, जवळून. तारेवर पाठमोरा बसलेला नर, तोही संध्याकाळच्या उजेडात, या दोघांपैकी कुठला हे मी छातीठोक सांगणार नाही. कुणी सांगत असेल तर त्याला विचारा, कशावरून.

फरक आहे तो पंखाच्या आतल्या बाजूला. अमूर नराच्या पंखाखालचं अस्तर, म्हणजे खांद्याकडून पंखाच्या मधल्या भागापर्यंतची छोटी पिसं, पांढरीशुभ्र असतात, आणि त्यामागची लांब उड्डाणपिसं काळपट. पंख उचलला की हा पांढरा-काळा भेद लख्ख दिसतो. रेड-फुटेड नराचं अस्तर गडद राखाडीच असतं, त्यामुळे खालून पंख एकसारखा काळपट दिसतो. मादी ओळखणं तुलनेनं सोपं. अमूर मादीचं डोकं राखाडी, गाल आणि गळा पांढरा, पांढऱ्या छातीपोटावर ठसठशीत काळ्या रेघा आणि पट्टे. रेड-फुटेड मादी डोक्यापासून पोटापर्यंत फिकट नारिंगी, डोळ्याभोवती काळा मुखवटा. या दोन माद्यांमध्ये सहसा गल्लत होत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोकडे येतो. तो तुम्ही 'हलला, निरुपयोगी' म्हणून शेवटी टाकलाय. मी मात्र सगळा वेळ त्यावरच घालवला. पक्षी तार सोडतोय, डावा पंख वर गेलाय, आणि पंखाच्या मुळाशी एक फिका डाग आहे. तुम्ही लिहिलंय, 'मागून ऊन असल्यामुळे चमकलं असावं.' शंका रास्त आहे, पण इथे ती टिकत नाही. मागून उजेड आला की तो आरपार येतो तो पंखाच्या कडेच्या लांब पिसांतून, कारण तिथे पिसांचे थर कमी असतात. अस्तराच्या भागात पिसांवर पिसं असतात, त्यामुळे तो भाग मागच्या उजेडात उलट गडद दिसायला हवा. तुमच्या फोटोत आतला भाग पांढरा आणि कडेचा काळा आहे. उजेडाची करामत असती तर चित्र नेमकं उलटं झालं असतं. दुसरी शक्यता, खालच्या वाळक्या धसकटांवरून परावर्तित झालेला उजेड. पण तो पडला असता तर सगळ्याच पंखावर पडला असता. शिवाय ऊन पलीकडून असताना तो इतका पांढरा उठत नाही.

अशा फोटोत पांढरेपणा किती, याला फारसा अर्थ नसतो. एकाच पंखावर दोन भागांत फरक किती आणि कुठला भाग फिका, हे बघायचं.

आणखी एक नाव काटायला हवं. पंखाखाली पांढरं आणि टोकाकडे काळं म्हटलं की आपल्या शिवारातली नेहमीची कापशी घार आठवायला हवी. तीही तारेवरच बसते, आकारानंही जवळपास. पण कापशीचं पोट आणि शेपटीखालचा भाग स्वच्छ पांढरा असतो, पाय पिवळे. तुमच्या पहिल्या फोटोत शेपटीखालचा विटकरी रंग आणि शेंदरी पाय स्पष्ट आहेत. त्यामुळे कापशी बाद. एकूण पाहता पहिला फोटो सांगतो की हा त्या दोन भावांपैकी एक, आणि दुसरा सांगतो की कोणता. म्हणूनच लोकांना मी नेहमी सांगतो, बिघडलेले फोटो पुसू नका. बसलेल्या ससाण्याचे सुबक फोटो समाजमाध्यमांसाठी ठीक, ओळखीला उडतानाचा धूसर फोटो जास्त कामाला येतो. पुढच्या वेळी पक्षी बसलेला असतानाच व्हिडिओ सुरू करून ठेवा. तो पिसं साफ करेल, पंख ताणेल, उडेल. यातलं काहीही एकदा मिळालं की काम झालं.

माझं हे उत्तर तुमच्या परिस्थितीला धरून आहे. तारीख बदलली तर माझा सूर बदलेल. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत काळपट, लाल पायांचा ससाणा दिसला तर मी अमूर धरून चालतो आणि त्याविरुद्ध पुरावा शोधतो. एप्रिलअखेर ते मे या परतीच्या काळातही तसंच. पण हाच पक्षी जानेवारी-फेब्रुवारीत दिसला, किंवा एकाच तारेवर आठवडेच्या आठवडे राहिला, तर मी जास्त खोलात जाईन, कारण त्या वेळी अमूर आफ्रिकेत असायला हवा. कदाचित तो जखमी असेल, कदाचित वेगळाच पक्षी असेल. पिल्लावस्थेतून नुकते बाहेर पडलेले पक्षी तर सगळ्यात अवघड. अमूरचं पिल्लू वरून तपकिरी किनारीचं, खालून रेघारेघांचं असतं, पाय लाल नव्हे तर नारिंगी-पिवळे, आणि ते युरेशियन हॉबी या दुसऱ्या छोट्या ससाण्याच्या पिल्लासारखं दिसतं. तिथे मी कित्येकदा 'छोटा ससाणा, जात अनिश्चित' एवढंच लिहून थांबतो. त्यात कमीपणा काहीच नाही.

अमूरच्या थव्यात छोटी खरुची, म्हणजे लेसर केस्ट्रेल हा छोटा ससाणा, मिसळलेली असते, हेही लक्षात असू द्या. आपल्याकडे थंडीत येणारी नेहमीची खरुची तुम्ही सांबऱ्याच्या माळावर हवेत एका जागी फडफडताना पाहिली असेल. छोटी खरुची तिच्यासारखीच, पण आफ्रिकेला जाणारी. तिच्या नराची तांबूस पाठ बिनठिपक्यांची असते, आणि जवळून पाहायला मिळालं तर तिची नखं फिकट पांढुरकी दिसतात, नेहमीच्या खरुचीची काळी. नखांवरून पक्षी ओळखायचा म्हणजे जरा अतीच वाटेल, पण माद्यांच्या बाबतीत अनेकदा तेवढाच धागा हाती राहतो. (सांबऱ्यावरून आठवलं: विमानतळाच्या भिंतीजवळ किंवा कॅम्पातल्या लष्करी हद्दीजवळ लांब लेन्स काढू नका. 'साहेब, खरुची बघतोय' हे उत्तर तिथे चालत नाही.)

मग रेड-फुटेड आपल्याकडे येणारच नाही का? येऊ शकतो. ससाणे भरकटतात, आणि त्याची कारणं काही फार गूढ नाहीत. पहिल्याच प्रवासाला निघालेल्या पिल्लांची दिशा चुकते. वादळात वारा ढकलत नेतो. वसंतात परतताना काही पक्षी मुक्काम ओलांडून पुढे निघून जातात. आणि काही दुसऱ्याच जातीच्या थव्याला लागून जातात. रेड-फुटेडची वीण पूर्व युरोपपासून कझाकस्तानाकडे, पण थंडीतला मुक्काम आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातच. तिथे तो मुख्यतः पश्चिमेला, अमूर मुख्यतः पूर्वेला, मध्ये काही भागात दोघे एकत्र. तिथून एखादा रेड-फुटेड अमूरच्या थव्यासोबत निघाला, तर त्याची वाट अरबी समुद्रावरून भारताकडे वळणारच. म्हणून थवा दिसला की 'अमूर आहेत' म्हणून दुर्बीण खाली ठेवू नका, एकेक पक्षी तपासा.

याचा उलटा खेळ ब्रिटनमध्ये झाला. तिथे रेड-फुटेड हा अधूनमधून येणारा पाहुणा, सगळ्यांच्या परिचयाचा. २००८ मध्ये यॉर्कशरमध्ये एक अपरिपक्व नर आला. आधी सगळ्यांनी त्याला रेड-फुटेडच धरलं. नंतर त्याच्या पंखाखाली नव्यानं उगवणारी पांढरी पिसं लोकांच्या नजरेस आली आणि तो ब्रिटनमधला पहिला अमूर ठरला. त्याआधी २००४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर एक रेड-फुटेड उतरला होता. अमेरिका खंडातली ती त्याची पहिली नोंद. बघायला दूरदूरहून माणसं आली. या दोन्ही पक्ष्यांना मान्यता मिळाली ती फोटो भरपूर होते म्हणून, आणि जवळची, जास्त शक्य असलेली जात खुणांनिशी बाद करता आली म्हणून. तुम्हाला उद्या खरंच रेड-फुटेड दिसला, तर तुमच्या नोंदीत 'पंखाखालचं अस्तर गडद होतं, पांढरं नव्हतं' हे एक वाक्य आणि ते दाखवणारा एक फोटो असला पाहिजे. ॲपनं सांगितलं, हे वाक्य नोंदीत नको.

एक इशाराही देऊन ठेवतो. पावसात थकलेला असा पक्षी बांधावर बसलेला सापडला तर पाणी पाजायला, भात-चपाती भरवायला जाऊ नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, शांत जागी ठेवा आणि लगेच वनखात्याला कळवा. घरी ठेवून बरा करायचा मोह झाला तरी टाळा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हा आहे, आणि बहुतेक वेळा त्यात पक्षी जातोच.

आता नोंदीचं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर नाव अमूर करा, दोन्ही फोटो मूळ स्वरूपात चढवा, कापून उजळ केलेली प्रत हवी तर जोडीला. तपशिलात उजेड कुठून होता, पाऊस कधी पडला, पक्षी काय करत होता, हे तीन-चार ओळींत लिहा. तपासणाऱ्यानं प्रश्न विचारला तर वाईट वाटून घेऊ नका. मीही इतरांच्या नोंदी तपासून बघतो, आणि प्रश्न विचारतो तो नोंद मजबूत व्हावी म्हणूनच. ग्रुपवरच्या 'पहिली नोंद' या दाव्याला मात्र उत्तर द्या, नाहीतर तो फिरत फिरत वर्तमानपत्रापर्यंत जातो आणि मग दुरुस्ती कुणीच छापत नाही.

जागेबद्दल तुम्ही 'बाची-शिनोळी रस्ता' एवढंच लिहिलंय, ते पुरणार नाही. बाची बेळगाव तालुक्यात, शिनोळी चंदगडात. रस्त्याच्या त्या तुकड्यावर दोन-चार खांबांच्या अंतरात राज्य बदलतं आणि पक्ष्याची नोंद बेळगावऐवजी कोल्हापूर जिल्ह्याच्या यादीत जाते. तुम्ही उभे होता ती जागा आणि पक्षी बसला होता तो खांब, दोन्ही आठवा. नकाशावरची पिन पक्ष्याच्या बाजूला टाका आणि स्वतः कुठे उभे होता ते शेऱ्यात लिहा. फोटोत खांबाच्या मागे रताळ्याचं रान आणि एक पत्र्याची शेड दिसतेय, त्यावरून जागा पक्की करता येईल. जमलं तर पुन्हा जाऊन खांबाचा नंबर बघून या. जाताना शेतकऱ्याला विचारूनच बांधावर चढा, मसूर नुकतीच पेरलेली असेल.